ओळंब्याखालचं वर्तुळ

तिने ओल्या फडक्याने कालचं वर्तुळ पुसलं, वाटी पालथी घातली आणि खडू हातात घेऊन तशीच उकिडवी बसून राहिली.

जिन्याच्या पोकळीत, वरच्या तुळईपासून सुतळीला बांधलेला ओळंबा लोंबत होता. आजवर त्याचं टोक केसाकेसाने सरकत आलं होतं. आज ते कालच्या रेघेच्या चांगलं बोटभर बाहेर होतं. रात्री वारा सुटला होता. पायऱ्यांवर चाळणीतून चाळल्यासारखी चुन्याची भुकटी पडली होती.

हे घर तिच्या नवऱ्याने मुद्दाम तिरकं बांधलेलं. रोज लोकांच्या भिंती ओळंब्यात उभ्या करणाऱ्या गवंड्याला स्वतःसाठी एक अशी भिंत हवी होती, जी झुकेल आणि तरी पडणार नाही. लोक त्याला डुलकं घर म्हणत. लांबून माणसं येत, तळहाताने घराला टेकू दिल्यासारखं करून फोटो काढत. तो खिडकीतून ओरडे, "जोर लावा की, नुसतं हसताय काय!"

लग्नानंतर इथे राहायला ती तयार नव्हती. तेव्हा त्याने हा ओळंबा टांगला आणि तिच्याच हातून खाली वाटीएवढं वर्तुळ काढून घेतलं.

"टोक आत आहे तोवर इथे. बाहेर गेलं, की तू म्हणशील तिथे."

तेव्हापासून लादी पुसली की ती वर्तुळ नव्याने काढी. फरशीचा एके ठिकाणी टवका उडालेला होता, त्याला वाटीची कड टेकवायची आणि रेघ ओढायची. तो खाली उतरे, वाकून बघे, "आत आहे" म्हणे आणि मगच चहाला बसे.

मागच्या पावसाळ्यात टोक पहिल्यांदा रेघेवर आलं. त्याच सुमाराला त्याचे हात थरथरायला लागले होते, कामं सुटली होती. हे घर तेवढं उरलं होतं. तिने वाटी जराशी सरकवली. मग पुन्हा जराशी. बघता बघता टवका वर्तुळापासून लांब राहिला.

स्वतःसाठी तिला भीती नव्हती. स्वयंपाकघर मागे, वेगळं आणि सरळ होतं. एका बाजूनेच दूध उतू जाणारी चूल मला नको, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गेलं वर्षभर ती तिथेच निजत होती. जिना तुझ्या गुडघ्यांना सोसायचा नाही, म्हणून त्यानेच तिची गादी तिकडे नेली होती. गुडघे तसे बरे होते. पण कधी नव्हे ती काळजी करतोय, तर करू दे, म्हणून ती गप्प राहिली.

काल संध्याकाळी मात्र लेक आली, चार वर्षांच्या बारकीला घेऊन.

"बाबा, हिला वर झोपवू ना? का तुमचं घर अजून पेंगतंय?"

"ओळंबा आत आहे," तो म्हणाला. "आईला विचार. रोज तीच काढते."

लेकीने तिच्याकडे बघितलं. ती ताट पुसत होती, ते पुसतच राहिली.

"झोपव," ती म्हणाली.

आता वर काहीतरी करकरलं. बोटांत खडूचा तुकडा मोडला. वाटी बोटभर सरकवली, तर आजचाही दिवस निभावला असता. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, वाटी उचलली, टवक्याला टेकवली आणि रेघ ओढली. ओळंब्याचं टोक वर्तुळाच्या बाहेर, उघडं लटकत राहिलं.

"अहो," तिने हाक मारली. "खाली या. त्या दोघींना घेऊन या."

ती उठून पहिल्या पायरीशी आली.

"अहो, ऐकताय ना?"

वरून आणखी भुकटी पडली. तिरक्या भिंतीला हात लावत ती जिना चढू लागली. लेकीला हाक मारली. बारकीला मारली. तिचाच आवाज वरून परत आला. वरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

"वर कोणी नाही."

आवाज मागून आला. तो अंगणाच्या दारात उभा होता, खांद्यावर घोंगडी, केसांत सिमेंटची धूळ.

"दोघी अवजारांच्या शेडमध्ये आहेत. तू निजायला गेलीस तशा नेल्या. बारकी खूश. तिच्या आईसाहेब तेवढ्या कुरकुरल्या, म्हणे, बाबा, आता हे काय नवीन."

ती कठडा धरून उभी राहिली. तो आत आला, ओळंब्यापाशी बसला. आधी त्याने टवक्यावरून बोट फिरवलं, मग टोकाकडे बघितलं.

"काल तर म्हणालात, आत आहे."

"तू काढलेलं होतं. तुझ्यादेखत बाहेर कसं म्हणू?"

"मग आता?"

"तू म्हणशील तिथे."

ती उतरली. शेवटच्या पायरीवर त्याने हात पुढे केला.

"सावकाश. गुडघे."

"गुडघ्यांना काही झालेलं नाही माझ्या."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि ओळंब्याची गाठ सोडायला लागला. थरथरत्या बोटांना ती सुटेना. तिने खडू खाली ठेवला आणि गाठीचं दुसरं टोक धरलं.