एक किल्ली, दोन किनले

टपालपेटी क्रमांक ४६ मध्ये त्या दिवशी चार वस्तू होत्या: शाळेचं एक परिपत्रक, विहारात राहणाऱ्या माझ्या मामाचं पत्र, एक वाळलेली गांधीलमाशी आणि जपानी तिकिटं लावलेला एक लांब पांढरा लिफाफा. पार्सल आल्याची पिवळी चिठ्ठी नव्हती. तो एकशे सत्तेचाळिसावा दिवस होता.

बारा फेब्रुवारीला मी बँकेचा ड्राफ्ट लावून जर्मनीतल्या एका कारखान्याकडून तापमापक मागवला होता, एक दशांश अंशापर्यंत दाखवणारा. जपानमधली एक संस्था डोंगरातल्या झऱ्यांचा अभ्यास शिकवायला आमच्या खोऱ्यातून एकच पदवीधर दोन वर्षांसाठी नेणार होती. अर्जासोबत एका झऱ्याच्या तीस दिवसांच्या तापमानाच्या नोंदी हव्या होत्या, जमतील तितक्या बारीक. मी ज्या शाळेत विज्ञान शिकवते तिथला तापमापक पूर्ण अंशच दाखवतो. मला पुढे शिकायचं होतं आणि दुसरी कुठली वाट दिसत नव्हती.

पेटी आम्हा दोघींच्यात होती. दुसरीचं नावही किनले सेल्डन. आमच्या आयांनी मूल व्हावं म्हणून चिमीच्या देवळात एकाच वर्षी नवस केला, बांबूच्या पट्ट्यांतून नाव काढलं, आणि दोघींच्या हाती तेच नाव आलं. त्यात नवल नाही. आमच्याकडे भाताच्या खाचरात दगड मारला तर किनलेला लागतो, नाहीतर किनलेच्या आईला. कॉलेजातही आम्ही एकाच बाकावर बसायचो, हजेरीत ‘एक’ आणि ‘दोन’. मी एक. पदवीनंतर ही दोन आपल्या आईच्या दुकानात बसली. दुकान टपाल कार्यालयाच्या समोर, म्हणून पेटीची एकुलती किल्ली तिच्याकडे.

मार्चपासून मी शाळा सुटली की दुकानात जायची.

“आलं?”

“आलं की. जर्मन नवरा आलाय, आत लोणी-चहा पितोय,” ती म्हणायची. “अगं, जकातीत अडकलं असेल. तिथल्या माणसांना वाटलं असेल, बॉम्ब आहे.”

मे उजाडला तरी पार्सल आलं नाही. अर्ज महिनाअखेर टपालात पडायला हवा होता. शेवटी मी शाळेचाच तापमापक घेऊन रोज सकाळी सहाला गावावरच्या झऱ्यावर जाऊ लागले.

“पाठव तसंच,” दोन म्हणाली. “पाण्याचा ताप काय दशांशात मोजतात होय?”

“तू का नाही अर्ज करत?”

“मी? दुकान कोण बघणार, तुझा जर्मन?”

झऱ्याजवळ पेम नावाची म्हातारी राहते; सगळे तिला मानानं औम म्हणतात. एका सकाळी ती म्हणाली, “काल संध्याकाळीही आली होतीस ना? झऱ्याला काय ताप आलाय?”

“नाही औम, मी सकाळीच येते.”

“किनलेच होती गं. नळी पाण्यात बुडवून बसलेली.”

म्हातारीचे डोळे अधू आहेत. मी वहीत १६ लिहिलं आणि शाळेत गेले.

जुलैत दोन तिच्या आत्याच्या घराच्या वास्तुपूजेला पारो गावी गेली आणि आठ दिवसांसाठी किल्ली माझ्याकडे देऊन गेली. म्हणून नऊ तारखेला पेटी मी उघडली.

लिफाफ्यावर किनले सेल्डन, पेटी क्रमांक ४६. आत इंग्रजीत एक पान. माझी निवड झाली होती. मी ओरडलेच. टपालबाबू वांगदा, ज्यांना सगळे मानानं आप म्हणतात, खिडकीतून वाकले, विडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “जपानात हे मिळणार नाही हं, खाऊन घे.”

विडा चावत मी पत्र पुन्हा वाचलं. तिसऱ्या ओळीत होतं: आपण तीस संध्याकाळी एक दशांश अंशापर्यंत घेतलेल्या नोंदी समितीला विशेष आवडल्या.

माझ्या अर्जाची कार्बन प्रत पिशवीत होती. मी ती काढून पाहिली. १६, १६, १७, १६. वेळ सकाळी सहा. तीस आकडे, आणि एकातही दशांश चिन्ह नव्हतं.

“आप, पार्सलांची वही दाखवता ला?” मी म्हटलं. माझ्या आवाजातला आदराचा ‘ला’ मलाच परका वाटला.

अठ्ठावीस एप्रिलच्या रांगेत होतं: जर्मनी, एक नग, किनले सेल्डन. खाली सही, आणि सहीपुढे ओळखपत्राचा क्रमांक. माझा क्रमांक ४१७ ने संपतो. तिथे शेवटी ९०२ होतं.

“नाव बरोबर, पेटी बरोबर, ओळखपत्र बरोबर,” आप वांगदा म्हणाले. “काही चुकलं का?”

मागणीच्या कागदावर मी नाव आणि पेटीच लिहिली होती. ओळखपत्राचा क्रमांक लिहायचं सुचलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

पार्सल पंचाहत्तराव्या दिवशी आलं होतं. पुढचे बहात्तर दिवस मी आलेल्या वस्तूची वाट पाहत होते.

रविवारी दोन परतली. मी दुकानात गेले तेव्हा ती सुक्या चीजच्या माळा खुंटीला लावत होती.

“ये गं, एक! पारोहून आणलंय, दात मोडेल असं. आलं का तुझं पार्सल?”

मी जपानी लिफाफा गल्ल्यावर ठेवला. “हे आलं. तुझं आहे.”

तिनं हातातली माळ खाली ठेवली. पत्र उघडलं नाही.

“उघडं आहे,” मी म्हटलं. “माझं समजून फोडलं.”

ती लिफाफ्याची कडा नखानं सरळ करू लागली. “तुला शाळा आहे,” ती म्हणाली. “मॅडम म्हणतात तुला. मी बी.एस्सी. होऊन काडेपेट्या विकते.”

“मागितला असतास तर?”

“दिला असतास?”

“दिला असता. मी सकाळी वापरला असता, तू संध्याकाळी.”

तिनं माळ उचलून पुन्हा खुंटीला अडकवली.

“आणि आत्ताही विचारलंस. आलं का म्हणून.”

“न विचारून कसं चाललं असतं? तुला शंका आली असती.” हे ती काडेपेटीचा भाव सांगावा तितक्या साधेपणानं म्हणाली. मग म्हणाली, “चोरी नाही केली मी. चिठ्ठीवर माझंही नाव होतं.”

“हो. देवळातल्या पट्टीवरचं.”

ती आत गेली. तांदळाच्या पिंपामागून एक अरुंद खोकं घेऊन आली. कापूस होता तसाच परत भरलेला होता, नळीला ओरखडा नव्हता. मी खोकं घेतलं, पेटीची किल्ली पत्रावर ठेवली आणि निघाले.

“किनले,” तिनं हाक मारली. मी वळले नाही. रस्त्यावर आणखी दोघीतिघी किनले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी झऱ्यावर गेले. शाळेचा तापमापक आणि जर्मनीचा तापमापक एकाच दोरीला बांधून, एकाच खोलीवर, पाच मिनिटं पाण्यात ठेवले. मग दोन्ही वाचून वहीत लिहिलं.

शाळेचा: १६. जर्मनीचा: १६.०.