ऑगस्ट महिन्याची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आकाराने गोल, जेवणाच्या ताटापेक्षा थोडी लहान. माझा जन्म पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये झाला. आता मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीजवळ एका छोट्या संग्रहालयाच्या खिडकीत असते.

आम्ही बारा बहिणी होतो. त्या काळी प्रत्येक महिन्याचे शेतातले काम चित्रात दाखवायची पद्धत होती. फेब्रुवारीच्या काचेवर एक म्हातारा शेकोटीपुढे पाय शेकत बसला होता, कारण तिकडच्या थंडीत शेतात काही करताच येत नसे. मार्चमध्ये द्राक्षवेलींची छाटणी, जूनमध्ये गवताची कापणी. माझ्या वाट्याला ऑगस्ट आला. माझ्यावर गहू कापणारी एक बाई आहे. कमरेत वाकलेली, एका मुठीत गव्हाची ताटे, दुसऱ्या हातात विळा, आणि मान जराशी वर करून समोर पाहणारी.

मला रंगवणाऱ्या चित्रकाराचे नाव कुणालाच ठाऊक नाही. पण त्याचा हात मला चांगला आठवतो. आधी त्याने तपकिरी रंगाचा थर दिला. मग ब्रशच्या मागच्या टोकाने तो खरवडून एकेक ओंबी उजळ काढली. शेवटी चांदीपासून केलेला लेप फक्त गव्हावर लावला आणि मला भट्टीत घातले. बाहेर आले तेव्हा गहू पिवळाधमक झाला होता! राजाराणीच्या मुकुटावर लोक मेहनत घेतातच. याने ती एका कापणीवालीच्या बोटांवर घेतली.

पुढे घरे बदलली, मालक बदलले. बहिणींची ताटातूट झाली. एका श्रीमंत व्यापाऱ्याने मला जहाजातून इकडे आणले आणि त्याच्या माघारी त्याच्या घराचे संग्रहालय झाले. लोक येत, मोठी तैलचित्रे पाहत आणि माझ्यावरून नजर फिरवून पुढे जात.

मग २००१ साली शोभनाकाकू आल्या. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. घरी बसून कंटाळल्या, म्हणून संग्रहालयात मुलांना माहिती सांगण्याचे काम त्यांनी हौसेने घेतले. माझ्यापुढे त्या हमखास थांबत. "हिचा विळा बघा, किती नीट धरलाय," असे म्हणून मुलांनाही तसेच वाकवून उभे करत. वाकून दमलेली मुले मग मला नीट पाहत.

२००४ च्या फेब्रुवारीत हिमवादळ आले. ओकच्या झाडाची मोठी फांदी मोडून खिडकीवर आदळली आणि मी फुटले. बहुतेक तुकडे आत फरशीवर पडले. बाईच्या चेहऱ्याचा तुकडा मात्र बाहेर, खिडकीखालच्या खडीच्या वाटेवर उडाला. वरून बर्फ पडतच राहिले.

सकाळी बर्फ उडवायचे यंत्र आले. काकू ओव्हरकोट घालून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. संचालिका बार्बराबाई धावत आल्या.

"शोभना, वाट मोकळी केली नाही तर कुणीतरी घसरून पडेल."

"मग ही वाट बंद करा. लोकांना मागच्या दाराने आणा," काकू म्हणाल्या. "आतल्या तुकड्यांत तिचा चेहरा नाही, तो इथे खाली आहे. यंत्र फिरलं तर त्याचा भुगा होईल."

बार्बराबाईंनी थोडा विचार केला आणि यंत्र परत पाठवले. वाटेवर दोरी बांधली गेली. माझा एक भाग गोळा करून पेटीत कापसावर ठेवला होता आणि एक भाग बर्फाखाली होता. दोन्हीकडे मीच होते.

याच काळात यामिनी आली. ती नागपूरची. विद्यापीठात जुन्या काचांच्या रसायनावर संशोधन करत होती. पेटी उघडून तिने एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "काकू, कडा एकदम क्लीन आहेत. जोडता येईल. पण चेहऱ्याशिवाय काय जोडायचं यार!"

बर्फ वितळले तेव्हा दोघी खडीत गुडघे टेकून बसल्या. काकूंनी एडिसन गावातल्या भारतीय दुकानातून धान्य पाखडायचे सूप आणले होते. त्या ओंजळभर खडी सुपात घेत, हलवत, आणि यामिनी एकेक खडा निरखून बाजूला टाकत असे. हात गारठून लाल झाले. तिसऱ्या प्रहरी यामिनी ओरडली, "काकू, डोळे! डोळे मिळाले!"

कपाळ आणि दोन्ही डोळे असलेला तुकडा तिच्या तळहातावर होता. ओठांचा भाग मात्र सापडला नाही. तो चुरडून गेला होता.

यामिनीने कित्येक महिने खपून माझे तुकडे जोडले. डिंकाचा थेंब सुईच्या टोकावर घेऊन ती श्वास रोखून धरी. पण ओठांच्या जागी काय करायचे, यावर वाद झाला. माझा एक जुना फोटो होता, पण त्यात मागच्या उजेडामुळे चेहरा नुसता काळा दिसत होता.

"हसरे ओठ रंगवून टाक. लोकांना आवडेल," बार्बराबाई म्हणाल्या.

"ती हसत होती हे मला माहीत नाही. मी खोटं कसं रंगवू?"

दोघींनी काकूंना विचारले. काकू म्हणाल्या, "रोज बघत होते मी. कधी हसरी वाटायची, कधी दमलेली. खरं सांगू? मलाही नाही सांगता येत."

मलाही सांगता आले नसते. चित्र माझ्यावरच होते, मला ते कुठून दिसणार? त्यातले जे ठाऊक, ते लोकांच्या बोलण्यातून. बार्बराबाईंनी मान डोलावली. त्या जागी यामिनीने साधी, फिकट काच बसवली.

पुढच्या वर्षी मी खिडकीत परतले. बाहेरून एक जाड काच लावून त्यांनी मला आडोसा दिला. सुरुवातीला मला लाज वाटे. चेहरा अर्धा, अंगभर बारीक रेघा! मग २००८ च्या उन्हाळ्यात अबोली नावाची एक मराठी मुलगी वर्गाबरोबर आली. काकूंनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय म्हणतेय गं ही बाई?"

अबोलीने खूप वेळ पाहिले. "शी इज थर्स्टी," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तिचे डोळे बघा ना. कोणी पाणी आणतंय का, ते बघतेय ती."

काकूंनी चष्मा काढून पुसला. पाचशे वर्षांत अनेकांनी माझ्या रंगाची वाहवा केली होती. पण उन्हात राबणाऱ्या त्या बाईच्या तहानेची चौकशी पहिल्यांदाच झाली.

मित्रांनो, तुमच्या आसपास एखादी जुनी वस्तू फुटली तर तिचे तुकडे लगेच केरात टाकू नका. खाली वाका, हाताने शोधा. जे सापडेल ते जपा. जे सापडणार नाही त्याची जागा मोकळी ठेवा. आणि त्या वस्तूत कुणी राबणारे माणूस दिसले, तर त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहा.