तांबडं बटण

दुरुस्तीला आलेल्या जेनिवलने संगणकाचा बाजूचा पत्रा काढला आणि जळका वास खोलीभर पसरला. झुल्मीराने एप्रनचं टोक नाकाला लावलं. सकाळी संगणक चालू केल्याबरोबर फट्कन आवाज झाला होता, धूर निघाला होता आणि सगळं ठप्प. तेही नेमकं आज. संध्याकाळी वस्ती मंडळाच्या अध्यक्षा, दोना इरासी, पुस्तक छपाईला न्यायला येणार होत्या.

पुस्तक झुल्मीराच्या नवऱ्याचं, ओतासीलियोचं. बंद पडलेल्या कापडगिरणीचा आणि तिथल्या कामगारांचा इतिहास. अकरा वर्षं तो रोज दुपारी दार लावून लिहायला बसायचा, आणि अकरा वर्षं झुल्मीरा चपला हातात घेऊन घरात वावरायची. रेडिओ बंद. शेजारणींना अंगणातूनच वाटेला लावायचं. साओ पावलोला लेकीची दोन बाळंतपणं झाली, एकालाही ती गेली नाही. लिहिणाऱ्या माणसाच्या जेवणखाणाचं कोण बघणार? आणि हे ती बाजारात चारचौघींत मान ताठ करून सांगायची.

"दोना झुल्मीरा, हा उद्योग कुणाचा?" जेनिवलने मागच्या तांबड्या बटणावर बोट ठेवलं. "एकशेदहावर सरकवलंय. आपल्या रेसिफेत वीज दोनशेवीसची. लावल्या लावल्या उडणारच."

ते बटण तिला चांगलं ठाऊक होतं. संगणक साओ पावलोहून लेकीनेच पाठवला होता, तिकडे वीज एकशेदहाची. आधी तांबडं बटण सरकवा, नाहीतर जळेल, असं तिने फोनवर तीनतीनदा बजावलं होतं. तेव्हा ओतासीलियोनेच सुरीच्या टोकाने ते दोनशेवीसवर सरकवलं होतं. खाचेत आत असतं ते, बोटाने हलत नाही.

दारात उभा असलेला ओतासीलियो म्हणाला, "जाऊ दे रे. गेलं ते गेलं."

"गेलंय कुठे, सेन्योर ओतासीलियो? विजेचा डबा तेवढा जळलाय. हार्ड डिस्क ठणठणीत असणार."

जेनिवलने उत्साहाने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. ओतासीलियो अंगणात गेला.

'पुस्तक' नावाची एकच फाइल होती. वर शीर्षक, खाली ओतासीलियोचं नाव, त्याखाली एक ओळ: माझ्या सोशिक पत्नीस. पुढे काही नाही. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. जेनिवलने पान दोनदा खालीवर केलं आणि मग उगाच स्क्रू शोधायला लागला.

झुल्मीराला आधी जेनिवलसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. संताप नंतर आला.

"डिस्कही जळाली म्हणून सांग," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर."

संध्याकाळी इरासी आल्या तेव्हा ओतासीलियो सुतकी चेहरा करून खुर्चीत बसला होता. सगळं गेलं, म्हणाला. तिसरं प्रकरण, संपाचं, त्यात तर जीव ओतला होता. अजून शब्दन् शब्द तोंडपाठ आहे. इरासींचे डोळे भरून आले. त्यांनी झुल्मीराचा हात दाबला.

झुल्मीराने हात सोडवून घेतला, कपाटातून कोरी वही आणि पेन काढलं आणि इरासींच्या मांडीवर ठेवलं.

"सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "तोंडपाठ आहे ना? तिसऱ्यापासूनच सुरू करा. या लिहून घेतील."

"आत्ता?"

"आत्ताच. अकरा वर्षं थांबले मी. आणखी नाही थांबायची."

इरासींनी हौसेने वही उघडली आणि वर तारीख घातली. ओतासीलियोने घसा खाकरला, पाणी मागितलं. झुल्मीराने ते आणून दिलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.