आप्पांची गुळपोळी

“आप्पा, त्या बर्फात तुमी नुसत्या गुळपोळीवर चौकी गाठली, ही थाप न्हाई ना?”

विचारलं एकदाचं अंकितानं! मागं आम्रपाली तोंडावर ओढणी धरून खिदळत होती. आप्पांनाच विचारून दाखव, ही पैज तिचीच. नववीच्या वर्गात अंकितानं टिमकीच वाजवली होती ना: चॉकलेटं कसली नेताय, डोंगर चढायचा तर गुळपोळी!

जरंडेश्वराच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत अंकिताचे आप्पा, जोतीराम, थांबले. सैन्यातून येऊन वर्षं लोटली, तरी पाठीवर तोच हिरवा पिट्ठू.

“थाप? तुजी आई संक्रांतीला पार्सल धाडायची. गारठ्यानं पत्रा व्हायची पोळी. काखंत धरायची, मग मोडायची. आख्खी पलटण वाट बघायची!”

“मग घ्या की, काका.” आम्रपालीनं डबा उघडला.

“नगं पोरी. शुगर हाय.”

सकाळी त्यांनी इन्शुलिन टोचून घेतलं होतं. उन्हाच्या आत चढायच्या घाईत न्याहरी मात्र राहिली होती.

पुढच्या वळणावर ते मटकन खाली बसले. झोंबऱ्या वाऱ्यातही अंग घामानं निथळत होतं. “चौकी किती लांब हाय गं?” ते पुटपुटले.

“साखर उतरलीय, आप्पा, खावा!” अंकितानं पोळीचा तुकडा ओठाशी नेला. त्यांनी दात आवळले.

“तुज्या डोक्यावर हात ठिवलाय म्या.”

गेल्या वर्षी साखरेपायी आप्पांच्या पायाचं बोट काढलं, तेव्हा आईनंच त्यांना लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. गोडाला पुन्हा शिवणार नाही!

“मला काय हुत न्हाई, आप्पा! ह्ये बघा, धडधाकट हाय मी!” तिनं उड्यासुद्धा मारून दाखवल्या. आप्पांनी तोंड फिरवलं. मोबाईलला रेंज नव्हती. आम्रपाली हाका मारत देवळाकडं धावली. वर्गात सगळ्यांना पुरून उरणारी अंकिता तुकडा पुन्हा पुन्हा त्यांच्या ओठाशी नेत राहिली.

शेवटी त्यांची मानच लुळी पडली. तिनं पोळीतला गूळ चिमटीत कुस्करला आणि बोटानं त्यांच्या गालाच्या आत चोळत राहिली. त्यांचे डोळे वाहत होते. बोट बाजूला सारायचीही ताकद उरली नव्हती.

बऱ्याच वेळानं ते शुद्धीवर आले आणि त्यांनी आधी लेकीच्या कपाळाला हात लावून बघितला.

आम्रपालीनं देवळातून आणलेल्या माणसांनी त्यांना घरी पोचवलं. संध्याकाळी, डॉक्टर तपासून गेल्यावर, आई पदरात तोंड घालून म्हणाली, “आवं, मी कशाला घातली ती शपथ!”

आप्पा बुटाची नाडी सोडत होते. गाठ सुटेना. अंकितानंच वाकून सोडली.

“फुडच्या टायमाला न्याहरी करून जाऊ,” ते म्हणाले.

तेवढ्यात अंकिता शिंकली, आणि दोघंही दचकून तिच्याकडं बघत राहिले.

तिनं पिट्ठू उचलून खांद्याला लावला.

“आई, आप्पा, माझं ठरलंय. ह्यो पिट्ठू आता माझा. डोंगर मी चढणार. आप्पा, तुमी पायथ्याला बसायचं, खिशात पोळी ठिवून. आन् माझी शपथ ह्या घरात कुणी घ्यायची न्हाई.”