रिकामे कॉल

ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. घरी तिचं नाव होतं दोनदा टकटक.

बाबांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. टेबलावर बोटांच्या पेरांनी एकदा ठोकलं की ती आईला हाक, दोनदा ठोकलं की लेकीला. आई मागच्या वर्षी गेली आणि ती एकेरी टकटक घरातून बंद झाली. आई बाबांशी खुणांनी तासन्‌तास गप्पा मारायची, तावातावानं भांडायचीसुद्धा. लेकीलाही लहानपणी सगळं यायचं, पण मध्ये आई होतीच, आणि वापर नसला की हातही गंजतात. आता तिच्याकडे जेवण, औषध, झोपा आणि उद्या एवढ्याच खुणा उरल्या होत्या. त्यातली 'उद्या' तिला फार सफाईनं यायची.

आई गेली तेव्हा ती रडली नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर. लोक म्हणाले, खंबीर आहे हो. खंबीर कसली! दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा असतो, तशी ती आतून झाली होती. चिमटा काढला तरी कळत नव्हता.

काम मात्र चोख. सार्वजनिक वाहिनीला एचडी चॅनल सुरू करायचं होतं आणि ते कसं करायचं याची योजना तिच्याकडे होती. 'जुना टीव्ही असणाऱ्या कोणाचंही काही अडता कामा नये,' हे योजनेतलं पहिलं वाक्य तिचंच. एकाच कॅमेऱ्याचं रुंद चित्र एचडीवर पूर्ण दिसणार आणि जुन्या चॅनलवर त्याच्या दोन्ही कडा कापून फक्त मधला भाग. म्हणून स्टुडिओतल्या मॉनिटरवर दोन उभ्या चिकटपट्ट्या लावलेल्या असत. जे महत्त्वाचं, ते पट्ट्यांच्या आत ठेवायचं. पोरखेळ वाटावा असा उपाय, पण तयारीच्या वर्षभरात बिनबोभाट चालला होता.

मग नवा मॉनिटर आला. त्या गुळगुळीत, महागड्या काचेवर चिकटपट्टी लावायला कोणाचा हात धजेना. त्याच आठवड्यात निर्माता कुरकुरला की साडेपाचच्या बातम्यांत दुभाषी बाई नकाशा झाकतात. दुभाषी बाई म्हणजे बातम्या हातांच्या खुणांनी सांगणाऱ्या.

"दोन पावलं उजवीकडे सरका," मॅडम म्हणाल्या.

"मी चौकटीत आहे ना पण?"

"आहात की. छान दिसताय."

नव्या मॉनिटरवर त्या छान दिसत होत्याच. अंगठीतला खडासुद्धा चमकत होता.

या मांडणीची तीन आठवडे चाचणी झाली. शुक्रवारी अकराला समिती बसणार होती. तक्रारी नसतील तर हीच मांडणी पुढची पाच वर्षं कायम, आणि मॅडम विभागप्रमुख. तक्रारींचा फोन नंबर रोज पडद्याखाली झळकत होता. तिनं अहवाल गुरुवारीच टाईप करून ठेवला. तक्रारी: शून्य.

त्या तीन आठवड्यांत बाबा घरी काहीतरी सांगत होते. टीव्हीच्या कडेकडे बोट दाखवायचे, मग हातांनी काहीतरी भराभर करायचे. टीव्ही म्हातारा झाला, बिघडला असेल, असं तिनं धरलं आणि 'उद्या'ची खूण केली. बाबांनी जन्मभर छापखान्यात बांधणीचं काम केलेलं, लिहिणं बेताचंच. पहिल्याच आठवड्यात एकदा जेवताना त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला लिहिलं, 'बातमी दिसत नाही. तक्रार कुठे?' तिनं मोबाईलवरून नजर न काढता खाली लिहिलं, 'फोन करा. नंबर टीव्हीवर येतो.' ऐकू न येणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीनं हे लिहून दिलं आणि ताटं उचलून बेसिनमध्ये ठेवली. बाबांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

गुरुवारी मीटिंग लवकर आटोपली आणि ती साडेपाचलाच घरी आली. बातम्या चालू होत्या. बाबांची खुर्ची नेहमीच्या जागी नव्हती. त्यांनी ती डाव्या भिंतीला नेऊन चिकटवली होती आणि मान लांब करून ते पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे बघायचा प्रयत्न करत होते. खिडकीतून बाजूच्या गल्लीत डोकावावं तसं. पडद्याच्या अगदी कडेला बोटांची टोकं येत होती आणि जात होती. बोटं सोडली तर दुभाषी बाई जुन्या टीव्हीच्या बाहेर उभ्या होत्या.

तिला सगळं कळलं. कळल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. हातातली किल्ली तिनं खुंटीला अडकवली.

तिला पाहताच बाबांनी टीव्ही बंद केला. चोरी पकडल्यासारखं हसले आणि चहा टाकायला उठले.

शुक्रवारी नवाच्या आत ती तक्रारींचे फोन घेणाऱ्या ऑपरेटरबाईंच्या खोलीत गेली.

"दुभाषी बाई दिसत नाहीत अशी एकही तक्रार नाही?"

"एकही नाही, मॅडम. रिकामे कॉल सोडले तर."

"रिकामे म्हणजे?"

"कोणी बोलतच नाही हो. नुसता श्वास, हुं हुं, टाळ्या. चावटपणा, दुसरं काय! तुम्हीच म्हणालात ना, जो बोलणार नाही तो मोजायचा नाही."

ती तसं म्हणाली होती. पहिल्याच दिवशी, लिफ्टची वाट बघता बघता.

"किती आहेत?"

"दोनशे बारा. सगळे रेकॉर्ड आहेत, ऐकायचेत? डोकं उठेल, सांगून ठेवते."

तिनं हेडफोन लावले. पहिल्या कॉलमध्ये कोणीतरी घशातून 'आ, आ' असा ताणलेला आवाज काढत होतं. दुसऱ्यात रिसीव्हर टीव्हीला लावून धरला होता. बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या. तिसऱ्यात एक बाई रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. पलीकडून कोणी फोन उचलला की नाही हेही ज्यांना कळणार नव्हतं, त्यांनी दोनशे बारा वेळा फोन केला होता.

"आणि हा एक शहाणा ऐका," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "बातम्या संपल्या रे संपल्या की रोज हजर. वैताग नुसता."

आधी थोडी शांतता होती. मागे नळ ठिबकत होता. त्याचा वॉशर बदलायचं ती आठ महिने उद्यावर ढकलत होती. मग टकटक. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा. जरा जोरात, पुन्हा दोनदा. मग फोन ठेवल्याचा आवाज.

"कोण असेल हो?"

"मला हाक मारतायत," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. ऑपरेटरबाईंनी मात्र हातातला कप खाली ठेवला.

समितीपुढे तिनं शून्यावर काट मारून दोनशे बारा लिहिलेला कागद ठेवला. साहेबांनी चष्मा पुसला. "बोलले काय हे लोक?"

"काही नाही."

"मग ती तक्रार कशी म्हणायची?"

"ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आपण फोन ठेवला, साहेब. त्यांनी तरीही केला. त्यातले एकोणीस माझ्या बाबांचे आहेत. दुभाषी बाईंना कडेला मी सरकवलं, आणि बाबांना फोन करा असंही मीच लिहून दिलं."

मांडणी रद्द झाली. विभागप्रमुखाचं काय, हे कोणी काढलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दुपारी ती चिकटपट्टी घेऊन स्टुडिओत गेली, नव्या काचेवर दोन उभ्या पट्ट्या स्वतःच्या हातानं लावल्या आणि दुभाषी बाईंना म्हणाली, "दोन पावलं डावीकडे. नकाशा झाकला जाऊ दे."

घरी पोचली तेव्हा बातम्या संपत आल्या होत्या. बाबांची खुर्ची मधोमध होती. पडद्यावर दुभाषी बाई पूर्ण दिसत होत्या, दोन्ही हातांसकट. बाबांनी वळून पाहिलं, बोट कानाला लावलं आणि भुवया उंचावल्या. ऐकू आलं?

तिनं मान डोलावली. पुढे एक शब्द सांगायचा होता आणि त्याची खूण तिला येत नव्हती. तिनं वर्तमानपत्र ओढलं आणि कडेला लिहिलं, 'उशिरा.' मग त्या शब्दावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, वर्षभरात पहिल्यांदाच.

बाबांनी शब्द वाचला. खुर्ची तिच्यासमोर ओढली, आणि लहानपणी शिकवायचे तशी 'उशिरा'ची खूण दोनदा सावकाश करून दाखवली.