पारड्यात कोण बसलं?

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर दोन पारड्यांचा तराजू. एका पारड्यात केसासारख्या बारीक लोखंडी तारांचा बोळा, दुसऱ्यात तेवढीच मापं. तराजूबाबांनी बोळ्याला काडी लावली. तारांतून ठिणग्या धावल्या, बोळा काळा पडला आणि त्याचं पारडं हळूहळू खाली गेलं.

"जळालेलं हलकं होतं ना, बाई? मग हे जड कसं झालं?" बाबा गरजले. "तुमचे मालक येऊन बसलेत!"

पहिल्या रांगेतली ती बाई म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुण्यांना जाऊन वर्ष झालं होतं. ती पारड्याला म्हणाली, "अहो, जेवलात का?"

बाबांचं बोट माझ्याकडे वळलं. "मास्तर, तुमचं कोण गेलं?"

"बायको."

दुसरा बोळा पेटला, पारडं झुकलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, यातली मेख मला पुरती ठाऊक होती. तरी मी खुर्चीतून पारड्याकडे वाकलो. दोन वर्षांत माझ्या घरी कुणी येऊन बसलं नव्हतं.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "रविवारी घराची किल्ली बाबांना देणार. इथेच मागच्या खोलीत राहीन. रोज ह्यांची भेट होईल."

शनिवारी मी शाळेचा तराजू घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेलो. एक बोळा पारड्यात ठेवून म्हणालो, "हा तुझ्या शेजारणीच्या नावाने." पेटवला. पारडं खाली गेलं.

"अरे, ती तर धडधाकट आहे! गॅलरीत कपडे वाळत घालतेय."

"मग पारड्यात कोण बसलं?"

ताई वाकून पारड्यात बघू लागली. मी दुसरा बोळा काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला, झाकणातून दोन वायरी आत सोडल्या आणि भोकं मेणाने बुजवली. बरणी तोलून वायरींना बॅटरी लावली. बोळा आत लालभडक झाला. पारडं जागचं हललं नाही.

कॅलेंडरच्या पाठीवर मी लिहिलं: 3Fe + 2O₂ → Fe₃O₄.

"पोरं दरवर्षी एकच चूक करतात. लोखंड मोजतात, हवेतला ऑक्सिजन विसरतात. Fe म्हणजे लोखंड, O म्हणजे ऑक्सिजन. दोन्हीकडचे अणू मोज बघू."

तिने बोट ठेवून मोजलं. "इकडे लोखंडाचे तीन, ऑक्सिजनचे चार. तिकडेही तेवढेच."

"नवं काही आलं नाही, काही नाहीसं झालं नाही. उघड्यावर लोखंड हवेतला ऑक्सिजन धरतं आणि जड होतं. बरणीत तो ऑक्सिजन आधीच तोललेला होता."

"म्हणजे हे आले नव्हतेच?"

"नाही, ताई."

मेहुणे गेले त्या दिवशी रडली होती तशी ती रडली. मला स्वतःचाच राग आला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "तुझीही आली नव्हती, मग."

"नाही."

रविवारी ती किल्लीऐवजी बरणी घेऊन हॉलमध्ये गेली. "बाबा, यात पेटवा." बाबा म्हणाले, "आत्म्याला कोंडू नये!" ताई म्हणाली, "मग काल घरी बोळा उघड्यावर पेटवला, तेव्हा माझी जिवंत शेजारीण पारड्यात कशी बसली?" काही जण हसले, काही उठून गेले. काही अजूनही तिथे जातात.

त्यांना मूर्ख म्हणू नका. चमत्कार दिसला की आत काय होतं, बाहेरून काय आलं, ते आधी मोजा. आणि तुमच्या गल्लीत कुणी एकटं राहत असेल, तर बाबा पोचायच्या आत तुम्ही जाऊन त्याच्यापाशी बसा.