आप्पासोंची झील

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक जुना लॅपटॉप समोर आणा. बटण दाबलं की तो घरघरतो आणि पडदा उजळेपर्यंत तुमचा चहा पिऊन होतो. आता त्याच्यापुढं सातवीतली प्रांजल बसवा. वडूजजवळच्या वस्तीवर तिचं घर. मागं मेंढरांचा वाडा, हातात बारका स्क्रूड्रायव्हर.

तिच्या बिरदेवकाकांनी सांगलीहून आपल्या मोडक्या लॅपटॉपमधली एसएसडी पाठवली होती. एसएसडी म्हणजे माहिती साठवायची चपटी डबी. आत फिरणारं काही नसतं, म्हणून ती चपळ. काकांनी फोनवर बजावलं होतं, "डबी बसवली की माझंच सगळं उघडंल. ते आधी पेनड्राइव्हवर काढून ठेव, मगच पूस. घाई करू नगंस."

प्रांजलनं बॅटरी सुटी केली, जुनी हार्ड डिस्क सरकवून काढली आणि तिच्या जागी डबी अलगद बसवली. इथवर मीसुद्धा तिला शाबासकी दिली असती. पण संध्याकाळी मैत्रीण मयूरी लॅपटॉप बघायला येणार होती. काकांचं सामान काढत कोण बसणार? तिनं लॅपटॉप चालवणारी प्रणालीच डबीवर नव्यानं टाकायला घेतली. पडद्यावर प्रश्न आला : यातलं सगळं जाईल, पुसू का? प्रांजलनं 'हो' दाबलं.

लॅपटॉप वाऱ्यासारखा पळू लागला. मयूरी म्हणाली, "लय भारी गं!" तेवढ्यात काकांचा फोन आला.

"काढून ठेवलंस न्हवं सगळं?"

"व्हय काका," प्रांजल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा नानासो घोंगडं सावरत शेजारी येऊन बसले. "प्रांजे, बिरदेव म्हनत हुता, माजी आन् आप्पाची ओवी ह्यात हाय. जत्रंतली. लाव की."

धनगरी ओवी एकट्याची नसते, मुलांनो. नानासो ओळ म्हणायचे आणि ती संपायच्या आत त्यांचे सोबती आप्पासो तिचं टोक उचलून वर न्यायचे. याला झील धरणं म्हणतात. आप्पासो गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून नानासोंनी ओवीसाठी तोंड उघडलं नव्हतं. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, "झील न्हाई तर ओवी कसली? कळप न्हाई आन् मेंढका हाळ्या मारतुय!"

पुसलेलं परत मिळतं का, ते प्रांजल घाईघाईनं लॅपटॉपवर शोधू लागली. हार्ड डिस्कवरचं पुसलेलं कधी कधी सापडतं. एसएसडीवरचं बहुधा नाही. हे तिला आता कळून काय उपयोग?

"लय येळ लागतुय गं तुज्या वाऱ्याला," नानासो हसत म्हणाले.

"आजा, ती न्हाई आता." तिनं लॅपटॉप मिटला. "म्या न बघताच पुसलं. काकांनी सांगितलं हुतं तरी."

नानासो रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. "बरं," एवढंच म्हणाले, घोंगडं उचललं आणि वाड्याकडं निघून गेले.

प्रांजलनं काकांना फोन लावला. "काका, म्या तुमच्याशी खोटं बोलले." तिनं सगळं सांगितलं. मग काका म्हणाले, "दुसरीकडं कुटंच न्हाई गं ती," आणि फोन ठेवला.

ती वाड्यात गेली. नानासो पाठमोरे बसले होते. आप्पासो बसायचे त्या डाव्या बाजूला ती बसली.

"आजा, म्या झील धरते. शिकवा."

"तू? करडावानी आवाज तुजा."

"आसू दे. तुमी म्हना."

नानासोंनी मेंढरांकडं पाहिलं. मग घसा खाकरून एक ओळ म्हटली. आवाज कापत होता. सवयीनं ते शेवटाआधीच थांबले, आप्पासोंसाठी.

जागा रिकामी राहिली. प्रांजलनं श्वास घेतला आणि ती ओळ उचलली.